दूरदेशीचे दान आणि ‘अनुपकारी’ हे पद



श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील विसावा, एकविसावा आणि बाविसावा हे तीन श्लोक आपल्या मार्गात अनेक वेळा निरूपिले गेले आहेत. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी तेथे दानाचे तीन भेद सांगितले. देणे हे आपले कर्तव्य एवढ्याच बुद्धीने, अनुपकाऱ्यास, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. उलट उपकाराची किंवा फळाची आशा धरून, आणि देताना जीव कष्टी होत असता दिलेले ते राजस. अयोग्य देशकाळी, अपात्री, सत्कार न करता व अवज्ञा करून दिलेले ते तामस. शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. तरी त्यांच्याकडे पुन्हा वळावे लागले, त्याला कारण एक पत्र झाले.

पत्र लिहिणारे गृहस्थ आपले वासनिक. मूळचे अमरावती जिल्ह्यातले, पण गेली काही वर्षे नोकरीनिमित्त केनिया देशात नैरोबी येथे असतात. त्यांच्या वसाहतीच्या फाटकावर रात्रीचा पहारा करणारा मनुष्य (तिकडे त्याला ‘अस्करी’ म्हणतात) देशाच्या पश्चिम भागातला, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या सियाया जिल्ह्याचा. गावी त्याची वृद्ध आई मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या झोपडीत राहते. पावसापूर्वी छपरावर टिनाचे पत्रे पडावेत म्हणून त्याने साहाय्य मागितले. आमचे गृहस्थ द्यावयास तयार होते. परंतु स्नेह्यांनी त्यांना थांबविले. एक म्हणाले, रोकड हातात देऊ नका, पत्रे विकत घेऊन द्या, नाहीतर पैसा दारूत जाईल. दुसरे म्हणाले, परक्या देशातल्या परधर्मी माणसाला दिलेल्या दानाचे फळ ते काय मिळणार? म्हणून त्यांनी मला शास्त्रार्थ विचारला.

मी जे उत्तर पाठविले ते चुकले होते, हे येथे प्रारंभीच सांगतो. ते लिहावयास मला अर्धी घटकाही लागली नाही, आणि तेच लक्षण वाईट होते. मी लिहिले, की वस्तू द्यावी, रोकड देऊ नये. आणि पत्रे खरोखर छपरावर चढले की नाही, याचे छायाचित्र मागवून घ्यावे. व्यवहारी माणसाला शोभेल असे ते उत्तर होते. पत्र टाकून आलो आणि त्या रात्री मला पिठल्याची आठवण झाली.

ती हकिकत अशी. तरुणपणी वऱ्हाडात अटन करीत असता एका गावी भिक्षेसाठी एका मोठ्या वाड्यापुढे उभा राहिलो. यजमानांनी झोळीत काही घातले नाही. म्हणाले, “बसा, इथेच जेवा, माझ्यासमोर. तुमच्यातले काही जण भिक्षेचे अन्न विकतात असे आम्ही ऐकतो.” पान वाढले गेले. ज्वारीची ताजी भाकरी होती, पिठले होते. पिठले उत्तम झाले होते, हेही सांगितले पाहिजे. यजमान समोर उभे राहून घासामागून घास पाहत होते. मी जेवलो, कारण भूक होती. त्याच गावात पुढे एका मजूर बाईने चतकोर भाकरी झोळीत टाकली आणि माझ्याकडे न पाहता ती पुन्हा आपल्या जात्यावर जाऊन बसली. मी ती भाकरी कोठे खाईन, कोणाला देईन, याची चौकशी तिने केली नाही. त्या दिवशी पोट वाड्यातल्या अन्नाने भरले. पण भिक्षा मिळाली ती त्या चतकोराची.

आपण भिक्षुक लोक दानाविषयी बोलतो तेव्हा दात्याच्या ओट्यावर बसून बोलतो, हे मला फार उशिरा कळले. आपली जागा ओट्याखालची आहे. अनुसरल्या दिवसापासून जो परान्नावर जगला, त्याला तरी ‘असत्कृत’ आणि ‘अवज्ञात’ या दोन पदांचा अर्थ कोशात पाहावा लागू नये. अन्न चांगले, माप भरपूर, गरज खरी, आणि तरीही देणाऱ्याच्या नजरेत संशय असेल तर भगवंतांनी त्या दानाची गणना कोणत्या पंक्तीत केली, ते बाविसाव्या श्लोकात उघड आहे. आणि मी त्या गृहस्थांना जी रीत सांगितली, ती त्या वाड्यातल्या यजमानांचीच रीत होती. छायाचित्र मागविणे म्हणजे समोर उभे राहून घास मोजणेच.

परंतु एका आठवणीवर शास्त्रार्थ ठरत नाही, म्हणून पदे क्रमाने पाहू.

प्रथम ‘देश’. आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात या पदाचा अर्थ कुरुक्षेत्रादी पुण्यभूमी असा केला आहे, काल म्हणजे संक्रांती आदी पर्व, आणि पात्र म्हणजे षडंगे जाणणारा वेदपारंगत. हा अर्थ धरला तर सियायातील म्हातारीची झोपडी तिन्ही कसोट्यांना उतरत नाही. आपल्या मार्गात मात्र पुण्यभूमी आणि वेदाध्ययन यांवरून माणसाची योग्यता ठरविण्याची रीत कधी नव्हती. रिद्धपुरात मातंगांनी पाण्यासाठी केलेली विनवणी श्रीप्रभूंनी स्वीकारली, तेव्हा त्यांच्या अधिकाराची विचारपूस केली नाही. तहान होती, एवढे पुरे झाले. रिद्धपूरचे लोक श्रीप्रभूंना माय आणि बाप मानीत ते याच कारणाने. तेव्हा जेथे उणीव आहे तो देश, ज्या वेळी उणीव बोचते तो काळ, आणि ज्याला ती बोचते तो पात्र, असा अर्थ घेतला तर तो आपल्या परंपरेला धरून होईल असे मला वाटते.

येथे काही साधक विचारतील, आणि एका अभ्यासू भिक्षुकाने मला विचारलेही, की सर्वज्ञांनी आपल्याला महाराष्ट्रात राहावयास सांगितले, कानड आणि तेलंग देशांस जाऊ नये म्हटले; मग आफ्रिकेचे आपल्याला काय? प्रश्न योग्य आहे. परंतु तो निषेध कोणाला आणि कशासाठी, हे पाहावे. तो अनुसरलेल्या साधकाला आहे आणि त्याच्या निवासापुरता आहे. विषयबहुल देशात त्याचा आचार ढळू नये म्हणून आहे. तेथल्या जीवांचे दुःख हे दुःख नव्हे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. जीव येथला असो की तेथला, अनादि अविद्येने बांधलेलाच आहे. आणि आपला मार्ग पुढे पंजाबात गेला, तेथे त्याला जयकृष्णी पंथ हे नाव मिळाले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. अभिमानाला सीमा नाहीत आणि करुणेला मात्र आहेत, असे कसे चालेल?

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, तो जवळच्या दरिद्र्याचा. रिद्धपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. तेथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी 1990 नंतरच्या दशकात साऱ्या महाराष्ट्राला मान खाली घालावयास लावली, आणि तो प्रश्न अजून मिटलेला नाही. घरचे मूल उपाशी ठेवून परदेशी पैसा का धाडावा? ज्याला आपल्या हाताने मेळघाटात सेवा करता येते, त्याने ती अवश्य करावी. हाताची सेवा हात पोहोचेल तेथेच होते. पण माझा अनुभव असा, की नैरोबीला जाणारे दान थांबविण्यासाठी जे मेळघाटाचे नाव घेतात, त्यांच्यापैकी मेळघाटाकडे काही पाठविणारे थोडेच असतात. शिवाय आमच्या गृहस्थांच्या फाटकावर उभा असलेला माणूस त्यांना जवळचाच आहे. तो रोज रात्री त्यांची झोप राखतो. दूर आहोत ते आपण.

आता रोकड. ‘गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही, तो व्यसनात जातो’ हे वाक्य आपण सुभाषितासारखे म्हणतो. ते खरे की खोटे, याची पारख योगायोगाने त्याच सियाया जिल्ह्यात झालेली आहे, हे मला पहिले उत्तर लिहिताना ठाऊक नव्हते. अर्थशास्त्राच्या काही तरुण अभ्यासकांनी अमेरिकेत ‘गिव्हडायरेक्टली’ नावाची संस्था काढली. दात्याचा पैसा मधल्या वस्तू, शिबिरे, उपदेश यांत न घालविता सरळ गरीब कुटुंबाच्या हाती द्यावयाचा, आणि कशावर खर्च करा ते सांगावयाचे नाही, एवढीच तिची रीत. केनियात 2007 पासून मोबाइलवरून पैसे पाठविण्याची ‘एम-पेसा’ ही व्यवस्था आहे. खेड्यातल्या लहान दुकानदाराकडेही ते पैसे रोख करून मिळतात. त्यामुळे हे शक्य झाले. (यातील ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द म्हणजे आपला ‘पैसा’च होय. 1920 पर्यंत त्या देशात रुपया चालत असे. समुद्रापलीकडचा देश आपण समजतो तितका परका नाही.)

संस्थेची माणसे घरोघर जात आणि मातीची भिंत व गवताचे छप्पर पाहून घर निवडीत. सियायातील रारिएदा भागात 2011 पासून अशी रोकड दिली गेली. काही घरी पत्नीच्या हाती, काही घरी पतीच्या. कोठे एकरकमी, कोठे महिन्याच्या महिन्याला. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. घरात अन्न वाढले, मुलांचे उपाशी दिवस घटले, गुरे आली, मनावरचा भार हलका झाला. आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. अनेकांनी टिनाचे पत्रे घेतले. हे पत्रे कोणी सांगितले म्हणून घेतलेले नव्हते. गवताचे छप्पर दर एक-दोन वर्षांनी नव्याने घालावे लागते आणि त्या गवताला पैसा पडतो. पत्रा एकदा घातला की तो खर्च वाचतो, शिवाय पाणी गळत नाही. वऱ्हाडातला कोणताही कुणबी हा हिशेब बोटांवर करून दाखवील. मी तो न करता त्या म्हातारीला शहाणपण शिकवावयास निघालो होतो.

पुढे त्याच जिल्ह्यात 653 गावांच्या क्षेत्रात 10,500 हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1,000 डॉलर दिले गेले. त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. एक डॉलर दिला असता त्या भागातील व्यवहार सुमारे अडीच डॉलरांनी वाढला, महागाई मात्र नाममात्र वाढली. ज्यांना काही मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांच्या घरीही काम आणि कमाई पोहोचली. सर्व गोडच होते असे मात्र नाही. पूर्वीच्या प्रयोगात, शेजारच्या घरावर पत्रे चढले आणि आपल्यावर चढले नाहीत, म्हणून मागे राहिलेल्यांचे समाधान काही काळ घटल्याची नोंद आहे. एका ओसरीवर वाढून दुसरी ओलांडून जाणारा दाता नकळत एक दुःख पेरतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु या सर्व वृत्तांतात मला सर्वांत विचारात पाडले ते होमा बे या शेजारच्या जिल्ह्याने. तेथे 2015 च्या सुमारास ही रोकड घेऊन माणसे गेली, तेव्हा सुमारे 45 टक्के कुटुंबांनी ती घेण्यास नकार दिला. हा पैसा सैतानाच्या पूजकांचा आहे, घेतला तर मागाहून भलतेच मोल मोजावे लागेल, अशा वावड्या उठल्या होत्या. ऐकणारे हसतात. मला हसू आले नाही. काहीही न मागता कोणी काही देईल, ही गोष्टच त्या माणसांना अशक्य वाटली. आजवर त्यांच्या दारी जो जो देणारा आला तो तो काही ना काही घेऊन गेला असणार. कोणाला सभेला गर्दी हवी असेल, कोणाला मत, कोणाला धर्मांतर, आणि कोणाला फक्त त्यांच्या दैन्याचे चित्र. फळाची आशा धरून दिलेल्या राजस दानाने दात्याचे काय होते ते भगवंतांनी सांगितले. घेणाऱ्याचे काय होते ते होमा बे येथे दिसले, तेथे निरपेक्ष दानावरचा विश्वासच उडाला. आणि त्यांचा नकार मानून पाठविणारे परत फिरले, हेही योग्यच झाले. भिक्षा नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे, तसा त्यांनाही असला पाहिजे.

येथे आपल्याकडेही आलेल्या एका प्रथेविषयी बोलतो. दरमहा अमुक रक्कम द्या, तुम्हाला दूरदेशीच्या एका मुलाचे छायाचित्र मिळेल आणि ते मूल तुम्हाला पत्रे लिहील, अशी दानाची पद्धत आहे. ती चालविणाऱ्यांच्या हेतूवर मी बोट ठेवीत नाही. त्या मुलांची फी भरली जाते, पोटे भरतात. पण आठ-नऊ वर्षांच्या लेकराने न पाहिलेल्या माणसाला महिन्यामागून महिना आभाराची पत्रे लिहावयाची, हे आभार नव्हेत, ते व्याज आहे. पुण्य साठविण्यासाठी जो देतो तो देवतांशी व्यापार करतो, आणि त्या व्यापाराची प्राप्ती देवताफळापलीकडे जात नाही, हे आपले शास्त्र स्पष्ट आहे. आभार साठविण्यासाठी देणाऱ्याला तर तेवढेही फळ मिळावे की नाही, याची मला शंका आहे.

कोणी म्हणेल, असा डोळे मिटून विश्वास टाकला तर चोर माजतील. माजतात. याच संस्थेच्या काँगोमधील कामात 2022 साली तिच्याच काही नोकरांनी गरिबांच्या नावाचे सुमारे 9 लाख डॉलर लुबाडले आणि 2023 मध्ये ते संस्थेने स्वतः जाहीर केले. लक्षात घ्यावयाचे ते हे, की चोरी गवताच्या छपराखाली झाली नाही, मधल्या हातांत झाली. म्हणून पारख करावयाची ती मध्यस्थाची. हिशेब त्याच्याकडे मागावा, कडकपणे मागावा, जाहीरपणे मागावा; माझ्या मठाकडेही मागावा. भाकरी घेणाऱ्याकडे भाकरीचा हिशेब मागू नये. आपण नेमके उलटे करतो. मोठ्या संस्थेला पावतीशिवाय देतो आणि दारच्या माणसाला दहा प्रश्न विचारतो.

सर्वज्ञांनी साधकाला चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावयास सांगितली. घर निवडण्याची मुभा ठेवली नाही. त्या आज्ञेचे प्रयोजन साधकाचा अहंकार झडावा हे आहेच. पण त्यामुळे दाताही निवडीतून मुटतो, हे मला आता दिसते. कोण येईल, तो काय करील, पुन्हा दिसेल की नाही, यांपैकी काहीच त्याच्या हाती राहत नाही. ‘अनुपकारी’ या पदाचा जिवंत अर्थ त्या दारात उभा असतो.

हा विचार झाल्यावर मी नैरोबीला दुसरे पत्र धाडले. त्यात लिहिले, की माझे पहिले उत्तर बाजूस ठेवावे. जे द्यावयाचे ते त्या पहारेकऱ्याच्या हाती, किंवा त्याची संमती असेल तर सरळ त्याच्या आईच्या नावे पाठवावे, पूर्ण पाठवावे, हप्त्यांनी तिची परीक्षा पाहू नये. पत्रे घेते की शेळी घेते, की कोणाचे जुने देणे फेडते, ते तिचे तिने ठरवावे. छायाचित्र मागवू नये. आणि दिल्यानंतर फाटकातून जाता-येता त्या माणसाशी पूर्वी जसे बोलत होता तसेच बोलावे. अधिक गोडही नको, अधिक वरूनही नको. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे असेही लिहिले.

दोन महिन्यांनी त्यांचे उत्तर आले. पैसे पोहोचले होते. त्यांनी काही विचारले नव्हते. परंतु आता नवाच पेच पडला होता. सुटीवरून परतताना पहारेकऱ्याने आईकडून पोतडीभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, तिच्या शेतातल्या, आणि त्या त्याने घराच्या पायरीवर ठेवल्या होत्या. गृहस्थांनी चिंतेने विचारले होते, की दान अनुपकाऱ्यास द्यावयाचे. ही बाई तर परतफेड करू लागली. शेंगा घेतल्या तर दान राजस होईल काय? परत कराव्यात काय?

ज्या भाष्याशी मी वर मतभेद सांगितला, त्याच भाष्याचा येथे आधार घेतो. परतफेडीस असमर्थ तो अनुपकारी, असे सांगून तेथे लगेच पुढे म्हटले आहे, की समर्थासही अपेक्षा न धरता दिले तर ते तेच दान होय. म्हणजे हे पद देणाऱ्याच्या मनाला बांधते, घेणाऱ्याच्या हातांना बांधत नाही. त्या हातांनी काही देऊच नये, असे आपण ठरविले तर ती अवज्ञेचीच दुसरी तऱ्हा होईल. मी उलट टपाली कळविले, की शेंगा घ्याव्यात, भाजून मुलाबाळांत वाटाव्यात, आणि चांगल्या निघाल्या तर तसा निरोप तिला अवश्य पाठवावा.